डावीकडचा हत्ती

दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्याच सकाळी मास्तर बायकोवर ओरडले, ते आरशावरून. "आरसा वाकडा कोणी लावला?" असं विचारत ते न्हाणीघरातून बाहेर आले, तेव्हा त्यांचा उजवा गाल गुळगुळीत होता आणि डाव्या गालावर अकरा दिवसांची दाढी जशीच्या तशी होती.

"थोडी राहिलीय," बायको म्हणाली.

"कुठे राहिलीय? आंधळा आहे का मी?"

तिनं त्यांना खुर्चीवर बसवलं, साबण लावला आणि उरलेली दाढी स्वतः केली. तेवढा वेळ ते तिला शिव्या घालत होते.

मास्तर गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कटिंग मास्तर होते. ड्रायव्हरांचे, नर्सांचे, पहारेकऱ्यांचे कपडे तिथे तयार होत. लांबलचक टेबलावर साठ-सत्तर थर कापड एकावर एक पसरायचं, त्यावर आखणीचा कागद ठेवायचा आणि उभ्या पात्याचं विजेचं यंत्र रेषेरेषेनं फिरवायचं. उजव्या हातात यंत्र. डावा हात कापड दाबून धरायला, त्यावर पोलादी जाळीचा हातमोजा. हात जरा हलला की सत्तर पँटी रद्दीत. बावीस वर्षांत मास्तरांच्या हातून असं एकदाच झालं होतं आणि तेही त्यांनी कधी कबूल केलं नाही.

मग एका दुपारी, टेबलाशी उभं असतानाच, त्यांच्या मेंदूत उजव्या बाजूला गुठळी अडकली. जीव वाचला. डावा पाय किंचित ओढला जायचा, डावा हात सांगितलेलं काम जरा उशिरा करायचा. बोलणं मात्र शाबूत राहिलं. "इतक्या सगळ्यातनं नेमकी जीभ वाचली," बायको शेजारणीला म्हणाली. दोघी हसल्या खऱ्या, पण बायकोचे डोळे हसत नव्हते.

आठवड्यातून दोनदा व्यायामाच्या केंद्रात जायचं होतं. तिथली थेरपिस्ट तिशीची, केस घट्ट बांधलेली, कोणाला न घाबरणारी मुलगी होती. तिनं मास्तरांसमोर एक कोरा कागद ठेवला आणि घड्याळ काढायला सांगितलं. मास्तरांनी झोकात गोल काढला आणि बारापासून सहापर्यंतचे आकडे उजवीकडे लिहून पेन्सिल खाली ठेवली.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं. पुढच्या वेळी चंद्र काढायला लावा."

ती शांतपणे म्हणाली, "काका, तुमचे डोळे चांगले आहेत. पण मेंदूचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाहीये. डावीकडचं तुम्हाला दिसतं, पण ते आहे हे तुम्हाला कळत नाही. सवयीनं यात पुष्कळ सुधारणा होते. फक्त आधी हे तुम्ही मान्य करायला हवं."

"मी काका नाही, मास्तर आहे. आणि डोळ्याच्या डॉक्टरनं लिहून दिलंय, नजर ठणठणीत म्हणून. तुमचं ऐकू की त्यांचं?"

तिनं वाद घातला नाही. फावल्या वेळात काय करायचे, असं विचारलं. बायको म्हणाली, "बुद्धिबळ. दुसरं काही माहीतच नाही." त्यावर थेरपिस्टचा चेहरा उजळला. तिनं कपाटातून एक छापील कागद काढून दिला: बुद्धिबळ खेळण्याचे फायदे. स्मरणशक्ती, एकाग्रता, पुढचा विचार करण्याची सवय, संयम, हार पचवण्याची ताकद, असं बरंच काही त्यात होतं. "रोज खेळा," ती म्हणाली. "पूर्ण पटावर नजर फिरवावी लागते. तुमच्यासाठी याच्याइतकं चांगलं औषध माझ्याकडे नाही."

घरी येताना बसमध्ये मास्तरांनी तो कागद वाचला आणि त्यांचा पारा चढला. "काय लिहिलंय हे? 'वाढते. तल्लख होतो. शिकतो माणूस.' कोण वाढते? कोण तल्लख? एक वाक्य धड लिहिता येत नाही आणि निघाली मला शिकवायला!" प्रत्येक ओळीचा डावीकडचा अर्धा भाग त्यांनी सोडून दिला होता. बायकोनं खिडकीबाहेर पाहिलं.

पण बुद्धिबळाची गोष्ट त्यांच्या मनात बसली, वेगळ्याच कारणानं. कारखान्याच्या मॅनेजरबाईंनी कळवलं होतं की डॉक्टरांची परवानगी आल्याशिवाय मास्तरांना टेबलाजवळ येऊ देता येणार नाही. डोकं पूर्वीसारखं चालतंय हे दाखवायला बुद्धिबळाहून चांगला पुरावा कुठला? त्यांनी बटणला निरोप धाडला.

बटण म्हणजे कारखान्याचा स्टोअरकीपर. दोरे, चेनी आणि बटणं त्याच्या ताब्यात, म्हणून हे नाव. ठेंगणा, हळू बोलणारा, हिशेबी डोक्याचा माणूस. गेली बावीस वर्षं जेवणाच्या सुट्टीत तो आणि मास्तर कटिंग टेबलाच्या टोकाला पट मांडून बसत. दोघंही तोडीस तोड. मास्तर हल्ला करणारे, हत्ती लवकर बाहेर काढणारे. बटण भिंत बांधून वाट बघणारा.

रविवारी सकाळी तो पट घेऊन आला. खिडकीजवळच्या स्टुलावर डाव मांडला. मास्तरांनी पांढरी घेतली. सहा-सात चाली झाल्या असतील, तेवढ्यात बटण म्हणाला, "शह."

"कशाचा?"

"उंटाचा."

"कुठला उंट?"

बटणनं उंटावर बोट ठेवलं. बोटामागे मास्तरांची मान वळली आणि त्यांना काळा उंट दिसला. ते चपापले. "हा इथे कधी आला?"

"तीन चाली झाल्या."

"माझ्यासमोर नाही आला."

"मास्तर, तुझ्या डोळ्यांदेखत ठेवला."

पुढच्या पंधरा मिनिटांत असं तीनदा झालं. चौथ्यांदा मास्तरांचा वजीर गेला, तसा त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. "बावीस वर्षं तुझ्याबरोबर खेळतोय आणि आता आजारी माणसाला फसवतोस? लाज नाही वाटत? ऊठ. चालता हो."

बटणचा चेहरा उतरला. त्यानं सोंगट्या डब्यात भरल्या. जिन्यापर्यंत बायको त्याला सोडायला गेली. "भाऊजी, मनावर घेऊ नका," ती म्हणाली. "मलाही रोज हेच ऐकावं लागतं."

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. या वेळी डाव तासभर चालला आणि मास्तर जिंकले. शेवटची चाल करून त्यांनी अशी टाळी वाजवली की खाली रस्त्यावरच्या सायकलवाल्यानं मान वर करून पाहिलं. "ऐकलंस का गं? मात दिली! मेंदूचं लक्ष जात नाही म्हणे! आता त्या पोरीला जाऊन सांग!" बटण हसला आणि पाणी पिऊन लगेच निघून गेला.

सोमवारी सकाळी बायको बेकरीत पीठ मळायच्या कामावर गेली. ती कोपऱ्यावरून दिसेनाशी झाल्यावर मास्तरांनी इस्त्रीचा सदरा कसाबसा चढवला आणि काठी न घेता कारखाना गाठला. वाटेत ते डाव्या खांद्यानं दोन खांबांना आणि एका बाईला धडकले, आणि तिघांवरही खेकसले.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं त्यांना सलाम ठोकला. त्याला वाटलं, मास्तर रुजू झाले. कटिंगच्या खोलीत त्यांच्या जागी घेतलेली कटर होती, चाळिशीची, दुसऱ्या कारखान्यातून आलेली. ती थर लावून नुकतीच आखणीचा कागद ठेवत होती.

"बाजूला व्हा," मास्तर म्हणाले.

"तुम्ही मास्तर का? मला कोणी सांगितलं नाही तुम्ही येणार ते."

"मी सांगतोय ना."

बोलता बोलता त्यांनी यंत्र सुरू केलं. तो आवाज, ते कापडाचं भुस्कट, हाताला जाणवणारी ती थरथर. एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा त्यांना आपण माणसात आल्यासारखं वाटलं. पातं कापडात शिरलं आणि रेषेवरून सरळ चाललं.

कटरनं टेबलाकडे पाहिलं. मास्तरांचा डावा हात टेबलावर होता, पण कापड दाबून नव्हता. कुणीतरी विसरून गेल्यासारखा तो कागदावर पडला होता, हातमोजा न घातलेला, आणि बोटं बरोबर रेषेवर होती. पात्यात आणि बोटांत जेमतेम वीतभर अंतर उरलं होतं. ती ओरडली. मास्तरांनी उजवीकडे पाहिलं. मग तिनं भिंतीकडे धाव घेतली आणि प्लग उपटला.

यंत्र बंद पडलं तेव्हा मास्तरांना कळलं ते इतकंच, की एका परक्या बाईनं भर खोलीत आपल्या हातातलं काम थांबवलं. त्यांनी तोंडात येईल ते बोलायला सुरुवात केली. तिची जागा जाईल म्हणून ती जळतेय, मॅनेजरबाईंची हेर आहे, सगळे मिळून आपल्याला हाकलायला बसलेत. शिलाईच्या खोलीतली यंत्रं एकेक करून थांबली. कटर पांढरी पडली होती, पण तीही गप्प बसली नाही. "तुमची बोटं कापली असती! तुमची!" ती किंचाळली. "ते रक्त मला पुसावं लागलं असतं!"

"कुठली बोटं?" मास्तर गरजले.

बटण धावत आला आणि त्यानं त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. मग रिक्षा करून त्यांना घरी आणलं.

बायकोला बेकरीत फोन गेला होता. ती पिठाच्या हातांनी घरी आली. चप्पलही न काढता ती मास्तरांसमोर उभी राहिली. "कोणाला विचारून गेलात?"

"मला कोणाला विचारायची गरज नाही. डोकं ठिकाणावर आहे माझं. याला विचार. कालच हरवलाय मी याला."

बायकोनं बटणकडे वळून पाहिलं. तो दाराशीच अवघडून उभा होता.

"भाऊजी?"

"वहिनी, मी काल त्याच्या डाव्या बाजूनं खेळलोच नाही. सगळ्या चाली उजवीकडनं केल्या. म्हटलं, एक डाव जिंकला तर बरं वाटेल."

"बरं वाटेल?" बायकोचा आवाज चढला. "तुमच्या त्या बरं वाटण्यापायी आज हा माणूस हात तोडून घेणार होता! दया दाखवायची तर माझ्यावर दाखवा, त्यांच्यावर नको!"

बटणनं मान खाली घातली. पण त्याहून जास्त लागलं ते मास्तरांना. ज्याला बावीस वर्षं तोडीस तोड टक्कर दिली त्यानं आपल्याला लहान पोरासारखं जिंकू दिलं! मग ते एकेक शब्द चावून म्हणाले, "मांड पट."

"मास्तर, आता नको."

"मांड! आणि एक चाल जरी सोडलीस तर पुन्हा या घरात पाय ठेवू नकोस."

काल तिथेच राहिलेला पट बटणनं मांडला. आता तोही भडकला होता. चोर म्हणून ऐकून घेतलं होतं, 'चालता हो'ही ऐकून घेतलं होतं, आणि आत्ता वहिनीचंही. तो सोंगट्या आपटून ठेवत खेळला. त्यानं भिंत बांधली नाही की वाट पाहिली नाही. मास्तरांच्या डाव्या बाजूला त्यानं वजीर, हत्ती आणि उंट आणून ठेवले. बायको पीठ वाळलेले हात तसेच घेऊन स्टुलापाशी उभी होती.

"शह," बटण म्हणाला.

"कुठून?"

"शोध."

मास्तरांनी पट पाहिला. उजवीकडून पाहिला, मधून पाहिला. "कुठूनही नाही. खोटा शह. पुन्हा तेच सुरू केलंस!" आणि उजव्या हाताच्या एका फटक्यानं त्यांनी सोंगट्या उडवल्या. घोडे कपाटाखाली गेले, राजा भिंतीवर आपटून खाली पडला. "संपला खेळ! पट साफ! घेऊन जा तुझा पसारा!"

बटण पटाकडे बघत होता. बायकोही पटाकडे बघत होती.

"साफ?" ती म्हणाली.

"दिसत नाही का तुला?"

"मला दिसतंय." तिनं दोन्ही हातांनी पट धरला आणि गर्रकन फिरवला, डावी बाजू उजवीकडे.

पट साफ नव्हता. एका बाजूच्या तीन रांगा भरलेल्या होत्या, जराही न हललेल्या. काळा वजीर, काळा हत्ती, उंट. आणि पलीकडच्या कोपऱ्यात मास्तरांचा स्वतःचा पांढरा हत्ती, त्याच्याशेजारी घोडा, पुढे प्यादी. डाव सुरू झाला तेव्हा जिथे ठेवले होते तिथेच.

मास्तर पटावर वाकले. "हे आत्ता ठेवलंस तू."

"हात बघा माझे." तिनं पिठाचे हात पुढे केले. काळ्या वजिरावर पिठाचा कणसुद्धा नव्हता. तिनं पट पुन्हा पहिल्यासारखा फिरवला. "आता दिसतोय?"

मास्तरांसमोर पुन्हा रिकामा पट होता. तिनं पुन्हा फिरवला. पुन्हा सगळं उभं होतं. त्यांनी तिला आणखी दोनदा फिरवायला लावलं, आणि दर खेपेला त्यांचा श्वास जास्तच मोठ्यानं ऐकू येत होता.

"हा हत्ती," शेवटी ते म्हणाले, "मी हलवलाच नाही."

"नाही," बटण म्हणाला.

"पूर्ण डावात?"

"तिन्ही डावांत."

तेव्हा बायकोचा बांध फुटला. "महिनाभर मी ताट फिरवतेय!" ती ओरडली. "अर्धं जेवता आणि भाजी का वाढली नाहीस म्हणून माझ्यावर खेकसता. मी गुपचूप ताट फिरवते आणि तुम्ही म्हणता, आता कशी आली? दाढी मी करते. सदऱ्याची डावी बाही मी घालते. दाराच्या चौकटीला डोकं आपटलं की चौकट बनवणाऱ्याचा उद्धार ऐकून घेते. भीतीनं गप्प बसले. तुम्हाला वाईट वाटेल, चिडाल, पुन्हा झटका येईल. आज त्या बाईनं प्लग काढला नसता तर माझ्या या गप्प बसण्याचं काय केलं असतं मी?" मग ती खाली बसली आणि कपाटाखालचे घोडे काढू लागली, कारण रडताना तिला कोणी बघितलेलं चालत नसे.

मास्तरांनी डावा हात शोधला. हो, शोधावाच लागला. तो मांडीवरून घसरून खुर्चीच्या कडेला लोंबत होता. उजव्या हातानं त्यांनी तो उचलून समोर पटावर ठेवला आणि बोटं मोजली.

दुसऱ्या दिवशी केंद्राचा दिवस नव्हता, तरी ते बायकोला घेऊन तिथे गेले आणि थेरपिस्टसमोर बसले. "माझं अर्धं जग कोणीतरी पळवलंय," ते म्हणाले, "आणि तुम्ही मला कागद वाटत बसलात!"

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मास्तर."

"मग पुन्हा सांगा! ओरडून सांगा!"

ती ओरडली नाही. तिनं लाल चिकटपट्टी घेऊन पटाच्या डाव्या कडेला लावून दिली. प्रत्येक चालीच्या आधी लाल पट्टी शोधायची, आणि ती दिसल्याशिवाय सोंगटीला हात लावायचा नाही. ताट फिरवणं आजपासून बंद. आणि घरच्यांनी त्यांच्याशी बोलायचं ते डावीकडे बसून.

मास्तरांना संयम काही आला नाही. ते रोज खेळले आणि रोज चिडले. चालीआधी "लाल! लाल! लाल!" असं स्वतःवरच डाफरायचे, आणि पट्टी सापडली की तिलाही एक शिवी द्यायचे. बटण आता दया दाखवत नव्हता. मास्तर ओळीनं अठरा डाव हरले. मात्र एकाही डावात त्यांनी फसवणुकीचा शब्द काढला नाही. हरल्यावर ते लाल पट्टीकडे बघत, मग चूक शोधत, आणि सापडली की स्वतःच्या कपाळावर चापट मारत. हळूहळू आधी उंट दिसू लागला, मग हत्ती. त्याच सुमारास ताटातली डावीकडची भाजीही त्यांची त्यांना सापडू लागली. एकोणिसावा डाव बरोबरीत सुटला, तेव्हा बटण अर्धा तास कोणाशी बोलला नाही.

कापायचं यंत्र मात्र पुन्हा हातात येणार नव्हतं. मॅनेजरबाईंनी हे स्पष्ट सांगितलं, डॉक्टरांनीही सांगितलं. मास्तरांनी ते दोन दिवस उपाशी राहून ऐकलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी आखणीचं काम मागितलं. कागदावर नमुने कमीत कमी कापड वाया जाईल असे बसवायचे, पेन्सिलीनं. पातं नाही, वीज नाही. कागदाच्या डाव्या कडेला ते आधी लाल रेघ ओढत आणि काम झालं की कटरकडून तपासून घेत.

पहिल्या दिवशी ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. ती यंत्राला तेल घालत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"प्लग काढलात ते बरं केलंत," मास्तर म्हणाले.

"हो का?"

"हो. पण त्या दिवशी तुमचा थर तिरका लागला होता. दोन बोटं."

ती सावकाश सरळ झाली. "तिरका?"

"तिरका. मी नसतो तर सत्तर पँटी गेल्या असत्या."

"तुम्ही होतात म्हणूनच गेल्या!" ती म्हणाली, आणि तिथेच टेबलाशी दोघांची जुंपली. शिलाईतल्या बायकांनी यंत्रं थांबवली नाहीत. काही दिवसांनी त्यांना त्याची सवयच झाली.

घरी बायको आता कायम डावीकडे बसते. तिनं बुद्धिबळही थोडंफार शिकून घेतलंय, मास्तरांच्या मते फारच थोडं. रविवारी बटण आला की ती भाजी निवडत तिथेच बसते आणि न विचारता चाली सुचवते.

"तो घोडा काढा आता," ती परवा म्हणाली.

मास्तरांनी सगळी मान डावीकडे वळवली, तिच्या तोंडाकडे रोखून पाहिलं. "घोडा काढला तर वजीर जाईल, कळतं का काही? भाजी निवड!"

"मग हत्ती."

"हत्तीचं मला सांगू नकोस!"

"मग हलवा ना तो. वीस मिनिटं झाली."

बटणनं घड्याळाकडे पाहिलं आणि खुर्चीत मागे रेलला. त्या दोघांचं आटपायला अजून बराच वेळ होता.